कोपऱ्यातली पाव फरशी

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की त्या राज्याचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि आठवलं तरी गोष्टीत काही फरक पडणार नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांपेक्षा जरा जास्त कान देऊन ऐकावी.

त्या राज्यात गणित म्हणजे पाढे. दिवेलागणीला घराघरातून पाढ्यांचा सूर निघायचा. साधे पाढे तर झालेच, पण अर्ध्याची निमकी, दीडची दिडकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पोरं घडाघडा म्हणायची. एका गावातल्या पाथरवटाचा तर या बाबतीत कुणी हात धरू शकत नसे. दिवसभर तो लोकांच्या ओट्यांना फरशी बसवायचा आणि छिन्नीच्या ठोक्यावर पाढे म्हणायचा. त्याला एकच मुलगी होती. तिनेही बापाच्या मांडीवर बसून सगळे पाढे पाठ केले होते, आणि शाळेतला तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता.

मग एके वर्षी राणीने शिकवण्याची रीतच बदलली. झालं असं, की नव्या कोठाराला विटा किती लागतील, असं तिने दरबारातल्या पंडितांना विचारलं. पंडितांनी तासभर पाढे म्हटले, आणि तरी विटा कमी पडल्या. राणी चिडली. तिने गावोगावी नवे गुरुजी पाठवले, नवी पुस्तकं पाठवली, आणि हुकूम सोडला: आधी मांडून दाखवा, मग उत्तर सांगा. वर्षाअखेर चावडीपुढे परीक्षा होईल. ज्याला मांडून दाखवता येणार नाही, त्याने पुन्हा सगळ्यात लहान मुलांच्या रांगेत जाऊन बसायचं.

पाथरवटाची मुलगी अकरा वर्षांची, अंगाने उंच. नव्या वर्गात चिंचोके मांडायचे, चौकोन काढायचे, आणि हे असंच का होतं ते सांगायचं. तिला उत्तर ठाऊक असायचं, पण का ते विचारलं की ती पुन्हा पाढाच म्हणायची. तीन महिन्यांत ती पहिल्या नंबरावरून शेवटच्यावर आली.

बापाने मदत करायची ठरवली. त्याची मदत म्हणजे काय, तर तेच पाढे, पण जास्त मोठ्या आवाजात. ती पुस्तकातला चौकोन दाखवायची आणि तो म्हणायचा, चौकोन मरू दे, पाढा म्हण. पाटीवर त्याने उत्तरं लिहून दिली, तर गुरुजींनी त्यांच्याभोवती गोल काढले आणि कसं आलं म्हणून विचारलं. बिचारीला घरी एक सांगत आणि शाळेत दुसरंच. एके दिवशी तिने पाटी धान्याच्या कणगीमागे लपवली आणि जेवायला बसलीच नाही.

"आबा, मला शाळेतून काढा," ती म्हणाली. "मी मठ्ठ आहे. मी तुमच्याबरोबर दगड वाहीन."

आपल्या लेकीच्या तोंडी असा शब्द पाथरवटाने कधी ऐकला नव्हता. सकाळी तो तडक शाळेत गेला आणि गुरुजींना वाट्टेल ते बोलला. ही कसली नवी थेरं, आमचं काय अडलं होतं, चांगल्या पोरीचं डोकं बिघडवलंत, असं सगळं. गुरुजी त्याच्याहून लहान होते. त्यांनी ते ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "दादा, साडेतीन साडेतीन किती?"

"सव्वाबारा," पाथरवट म्हणाला. पापणी लवायच्या आत.

"त्यातला वरचा पाव कुठून आला?"

म्हणता म्हणता कुठे तो पाव सापडेल म्हणून पाथरवटाने औटकी पहिल्यापासून म्हणून पाहिली. पाव सापडला नाही. पाण्याला तोंडही न लावता तो घरी आला.

गुरुजी काय म्हणाले, हे मुलीने विचारलं. त्याला खोटं बोलता आलं असतं. गावात त्याचा मान होता, आणि मुलीपुढे तर होताच होता. पण तिच्या सुकलेल्या तोंडाकडे पाहून त्याला ते जमलं नाही.

"पोरी, त्यांनी मला एक गणित घातलं," तो म्हणाला. "मला नाही आलं."

"तुम्हाला पण?"

"मला पण."

मग मुलीने स्वतःहून भाकरी वाढून घेतली, आणि ते गणित नेमकं कोणतं होतं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पाथरवट कासाराचा ओटा घालायला निघाला, तशी तीही मागे निघाली. ओटा साडेतीन हात लांब आणि साडेतीन हात रुंद. हातभर लांबीरुंदीच्या फरश्या. त्याने अख्ख्या फरश्या बसवल्या, दोन कडांना अर्ध्या बसवल्या, आणि उरलेल्या कोपऱ्यासाठी एक छोटा तुकडा घडवला. तो बसवणार, तोच मुलीने त्याचा हात धरला.

"आबा, थांबा. अख्ख्या नऊ. अर्ध्या इकडे तीन, तिकडे तीन, म्हणजे मिळून तीन अख्ख्या. बारा झाल्या." मग तिने त्याच्या हातातल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "आणि हा तुमचा पाव."

असे तुकडे पाथरवटाने आजवर किती ओट्यांना घडवले होते. तोंडाने तो पाव म्हणत आला होता, हाताने पाव घडवत आला होता, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती. त्याला इतका आनंद झाला, की ओटा घालायला आलोय हेही तो घटकाभर विसरला.

त्या दिवसापासून त्या घरातली शिकवणी उलटी झाली. मुलगी जमिनीवर चौकोन आखायची आणि बाप समोर मांडी घालून शंका विचारायचा. ती अडली की तो म्हणायचा, मला ठाऊक नाही, तू दाखव. पुष्कळदा त्याला ठाऊक असायचं. पण तो गप्प राहायचा, आणि काळा पाषाण फोडण्यापेक्षा त्याला ते जड जायचं.

परीक्षेचा दिवस आला. चावडीपुढे सगळं गाव जमलं. राणीकडून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न घातला: साडेसहा साडेसहा किती? या पाढ्यापर्यंत गावात कुणाची मजल गेली नव्हती. पाटलाचा मुलगा उठला आणि ठणकावून म्हणाला, सव्वाछत्तीस. सहा सक छत्तीस, आणि अर्ध्याचा अर्धा पाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या वर्गाने त्याचीच री ओढली. परीक्षकांनी विचारलं, कुणाचं वेगळं आहे का?

पाथरवटाची मुलगी उभी राहिली.

"माझं वेगळं आहे," ती म्हणाली. "सव्वाबेचाळीस."

गाव हसलं. शेवटच्या नंबराची पोरगी, ती काय सांगणार. मुलीने गर्दीत बापाकडे पाहिलं. पाथरवटाच्या ओठांवर सगळं आलं होतं, पण त्याने दातांनी ओठ दाबून धरला. तेव्हा मुलीने खडू मागून घेतला, जमिनीवर बसली आणि फरश्या आखू लागली. अख्ख्या छत्तीस. या कडेला अर्ध्या सहा, त्या कडेला अर्ध्या सहा.

"या बारा अर्ध्या सगळे विसरले," ती म्हणाली. "त्यांच्या अख्ख्या सहा होतात. बेचाळीस. आणि पाव इथे, कोपऱ्यात."

लोक वाकून वाकून मोजू लागले. पाटलाच्या मुलाने दोनदा मोजलं आणि सगळ्यांत आधी टाळी त्यानेच वाजवली. मग जो गजर झाला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला. परीक्षकांनी तिचा नंबर पहिला लावला आणि विचारलं, तुला हे कुणी शिकवलं?

"कुणी नाही," मुलगी म्हणाली. "मीच आबांना शिकवत होते."

पाथरवट त्या दिवशी गावभर ताठ मानेने फिरला, आणि भेटेल त्याला आपल्याला काय येत नव्हतं ते हौसेने सांगत सुटला. पुढे ती मुलगी मोठी झाली, राणीच्या कोठारांचा हिशेब तिच्याकडे आला, आणि त्या राज्यात पुन्हा कधी विटा कमी पडल्या नाहीत. त्या गावात मात्र दिवेलागणीला आईबाप पोरांसमोर जमिनीवर बसून शंका विचारू लागले.

तात्पर्य: मुलाला समजावं असं वाटत असेल, तर उत्तर सांगण्याआधी त्याच्याशेजारी बसून आपल्याला काय ठाऊक नाही ते कबूल करावं.