न बुडणारं घटिकापात्र

एका राज्यात, सात डोंगरांपलीकडे, सुवर्मा नावाचा राजा होता. त्याची राणी हेमकळा. एका माघात ज्योतिष्याने सांगितलं, "महाराज, राणीसाहेबांचं आयुष्य उद्याच्या सूर्यास्तापर्यंत."

राजा कोणाला काही बोलला नाही. तडक मांत्रिकाच्या गुहेत गेला. मांत्रिकाने राजवाड्यातलं वेळ मोजायचं घटिकापात्र मंतरलं. पाण्यावर तरंगणारं ते तांब्याचं पात्र बुडायचं थांबलं, आणि त्याबरोबर उद्या यायचा थांबला.

रोज तोच दिवस उजाडू लागला. राणी सज्जात येई, म्हणे, "आंब्याला यंदा मोहोर फार आलाय," आणि हसे. आधी राजा सुखावला. मग तिचे शब्द त्याला तिच्याआधी पाठ झाले. त्याला जुने दिवस आठवू लागले. लग्नानंतर एकदा तिने भर उन्हात त्याच्या डोक्यावरचा मंदिल तळ्यात भिरकावला होता. पुढच्या क्षणी ही काय करील, याचा तेव्हा नेम नसे!

गावात एका कोष्ट्याची बायको, राधी, अडली होती. रोज पहाटे तिला कळा सुरू होत, रोज मूल जन्मायच्या आतच दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. ते एकट्या राजाला ठाऊक होतं. वेशीजवळून जाताना तिचा टाहो ऐकून तो कानांवर हात ठेवी.

शेवटी मंत्र उतरवून घ्यायला तो गुहेकडे गेला. मांत्रिक निघून गेला होता. त्याची साळुंकी तेवढी बसली होती. ती बोलली,

"राजा, ही गाठ तुझ्या हातून सुटणार नाही. राणीने आपल्या मनाने काही वेगळं केलं, तरच पात्र बुडेल. तीनदा यत्न कर. नंतर हा दिवस कायमचा."

पहिल्या खेपेला राजाने आंबाच तोडवला. राणी बुंध्याकडे पाहून म्हणाली, "आंब्याला यंदा मोहोर फार आलाय," आणि हसली. 

दुसऱ्या खेपेला त्याने आज्ञा केली, "आज हसू नका." ती हसली नाही. पात्र थरथरलं, पण बुडालं नाही. साळुंकी खिडकीत येऊन म्हणाली, "हे तुझं मन, राजा. तिचं नव्हे."

तिसऱ्या खेपेला राजाने राणीला सगळं सांगितलं.

तिने खिडकीतून वेशीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि त्या कोष्टिणीच्या कळा? त्याही इतकेच दिवस?"

"तितकेच," राजा म्हणाला.

"आधी मला विचारायचं होतंत, महाराज."

"भीती वाटली. तुम्ही जाते म्हणाल."

"म्हटलंच असतं," राणी बोलली, आणि अनवाणी वाड्याच्या पायऱ्या उतरून गावात गेली. राजाने हात पुढे केला, पण अडवलं नाही.

ती राधीच्या उशाशी बसली, तिचा हात धरून राहिली. तिन्हीसांजेला राजवाड्यात घटिकापात्र गुडगुडलं आणि तळाला गेलं. नवा सूर्य उगवला, तेव्हा कोष्ट्याच्या घरात मुलगी रडत होती.

राणी परतली ती भुकेली. तिने चिंच मागितली, राजाच्या पिकू लागलेल्या मिशीची थट्टा केली, लहानपणीचं एक गाणं अर्धंच आठवलं म्हणून स्वतःवर रुसली. राजा नुसता ऐकत होता. पुढचा शब्द त्याला ठाऊक नव्हता. सूर्य मावळला, आणि ती गेली.

राज्यात पुन्हा पेरण्या झाल्या, पिकं आली, पोरं मोठी झाली. म्हातारपणी राजाने ही हकीकत प्रधानाला सांगितली, तेव्हा प्रधानाने विचारलं, "महाराज, ते शेकडो दिवस आठवतात?"

"ते सगळे मिळून एकच दिवस, प्रधानजी," राजा म्हणाला. मग त्या शेवटच्या दुपारी ती काय काय बोलली, ते तो सांगायला बसला. सांगता सांगता संध्याकाळ झाली.