तोंड मिटून शोधलेली लेक

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्याची राजधानी इतकी मोठी होती, की शेजारच्या आळीत कोण राहतं हेही तिथल्या माणसांना ठाऊक नसे. तिथे मुलींना लहानपणापासून शिकवत, काही हरवलं तर तोंडातून ब्र काढू नका, ऐकणाराच चोर निघायचा.

त्या राजधानीत एक शिंपीण होती. तिला तीन वर्षांची एकुलती एक लेक. पडेल, भाजेल, कुणी उचलून नेईल, या धास्तीने ती लेकीला कडेवरून खाली म्हणून ठेवत नसे.

एक दिवस तिच्या मैत्रिणी, कासारीण आणि तांबटीण, बैलगाडी घेऊन दारात आल्या.

"पलीकडच्या छोट्या नगरात आज बाजार आहे. चल. दिवेलागणीला परत येऊ."

"लेकीला ऊन बाधेल गं," शिंपीण म्हणाली.

"मग तिचं लग्न होईपर्यंत घरातच बस," तांबटीण म्हणाली. शिंपिणीला हसू आलं आणि ती गाडीत चढली.

नगर लहानसंच होतं. एकच बाजाराची वाट, मधे चौक, टोकाला कडुलिंबाचा पार. तिघी हिंडल्या, शेंगदाणे खाल्ले, पोट धरून हसल्या. बांगड्यांच्या दुकानाशी कासारणीने नाक मुरडलं, "आमच्याकडच्या बांगड्यांची सर नाही याला." तरी तिने शिंपिणीला पुढे बसवलं. "दे दोन्ही हात. कडेवरचं ओझं उतरव जरा."

शिंपिणीने लेकीला खाली ठेवलं. हातात बांगड्या चढल्या. तिने वळून पाहिलं, तर लेक नाही.

ओरडावंसं वाटलं, पण लहानपणची शिकवण आड आली. तिने मैत्रिणींच्या कानात सांगितलं.

"हळू बोल," तांबटीण म्हणाली. "कुणाला कळू देऊ नकोस."

तिघी तीन दिशांना गेल्या. शिंपीण दुकानांच्या फळ्यांखाली, गाड्यांच्या चाकांमागे बघत चालली.

"बाई, काही शोधताय का?" एका तेल्याने विचारलं.

"नाही हो. सहज बाजार बघतेय," ती म्हणाली. आणि तिने हसून दाखवलं. पुढे चौकात माणसांची गर्दी दिसली. गर्दीत चोर असतात म्हणून ती दुसऱ्या बाजूने निघून गेली.

ऊन कलायला लागलं. शोधून शोधून ती पारावर येऊन बसली. तिथे एक म्हातारी बोरं विकत होती. तिने तांब्या पुढे केला.

"पाणी पी, बाळा. चेहरा उतरलाय तुझा."

इतका वेळ घट्ट मिटलेलं तोंड उघडलं. "आजी, माझी लेक हरवली हो," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

म्हातारी जागची उठलीसुद्धा नाही. तिने शेजारच्या दुकानाकडे बघून हाक दिली, "अरे, आई सापडली."

त्या दुकानाने पुढच्या दुकानाला सांगितलं. "आई सापडली, आई सापडली," असं म्हणत हाक बाजारभर गेली. थोड्याच वेळात चौकातली ती सगळी गर्दी पाराकडे चालत आली, मागोमाग कासारीण आणि तांबटीणही. पुढे तेली होता आणि त्याच्या खांद्यावर लेक, मुठीत गुळाचा खडा.

"शेळीच्या करडामागे गेली होती," तेली म्हणाला. "लगेच सापडली. पण आईचं नाव विचारलं तर म्हणते, आई. राहता कुठे विचारलं तर म्हणते, घरी. तेव्हापासून अख्खा बाजार तुम्हाला शोधतोय. आणि बाई, तुम्ही मला हसून सांगितलंत, सहज बघतेय म्हणून."

शिंपिणीने लेकीला छातीशी धरलं. सगळ्यांकडे बघून हात जोडले आणि ती म्हातारीकडे वळली.

"आजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडायचं काय त्यात," म्हातारी म्हणाली. "पुढच्या बाजारालाही ये. पोरगी आता सगळ्यांच्या ओळखीची झालीय."

परतीच्या वाटेवर कासारणीने लेकीला मागितलं आणि शिंपिणीने ती तिच्या मांडीवर दिली. मग गाडीच्या दांडीला डोकं टेकून, लेक झाल्यापासून पहिल्यांदाच, ती निर्धास्त झोपली.

तात्पर्य : मनात कोंडलेली काळजी एकटीला वाहावी लागते, बोलून दाखवलेली काळजी चार माणसं उचलून घेतात.