दोन सापांची दोन नावे

सापांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले केळुसकर नावाचे एक वृद्ध आचार्य होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी एका लहान गावात त्यांचे संग्रहालय होते आणि चारुता नावाची त्यांची शिष्या तेथे त्यांच्या हाताखाली काम करीत असे.

त्या भागातील खडकाळ माळावर दोन जातींचे साप राहतात. दिसायला जवळजवळ सारखे. गावकरी दोघांनाही ‘खडपी’च म्हणतात. त्यांतला एक अगदी निरुपद्रवी. त्याला एका परदेशी निसर्गशास्त्रज्ञाने फार पूर्वी ‘मोडेस्टा’ हे शास्त्रीय नाव दिले होते. दुसरा जहाल विषारी. तो वेगळा आहे हे केळुसकरांनी तरुणपणी ओळखले आणि त्याला ‘सॅक्सिकोला’ असे नाव दिले. गावच्या बोलीत दोघांचे नाव एकच असल्यामुळे डॉक्टर मंडळी या शास्त्रीय नावांवरच विसंबून असत. मोडेस्टा म्हटले की जखम धुवायची आणि धीर द्यायचा. सॅक्सिकोला म्हटले की क्षणभरही थांबायचे नाही.

एके वर्षी डॉ. हणमंत बिडकर यांनी या व्यवस्थेलाच हात घातला. बिडकर हे एकेकाळचे केळुसकरांचेच शिष्य. मतभेद होऊन ते दूर गेले होते आणि जिल्ह्याच्या गावी स्वतंत्र काम करीत होते. त्यांनी एक निबंध छापला. प्राण्याचे नाव हे वर्णनावर उभे नसते, तर नाव देताना जो नमुना समोर ठेवलेला असतो त्याच्यावर उभे असते, हा शास्त्राचा नियम. मोडेस्टाचा मूळ नमुना हरवलेला होता. पण त्याचे जुने चित्र उपलब्ध होते. बिडकरांचे म्हणणे असे, की चित्रातला साप विषारी जातीचा आहे. म्हणजे मोडेस्टा हे नाव विषारी सापाचेच, आणि आधीचे म्हणून तेच ग्राह्य. केळुसकरांचे सॅक्सिकोला रद्द. निरुपद्रवी सापाला नवे नाव शोधावे लागणार.

अभ्यासकांत दोन तट पडले. एका चित्रावरून एवढा निष्कर्ष काढता येत नाही, असे बरेच जण म्हणत होते. बिडकरांच्या बाजूचे मात्र नवी नावे वापरू लागले.

अशा वेळी संग्रहालयाचे मागचे कपाट आवरताना चारुताला एक धुळकट बरणी सापडली. परदेशातील एका संग्रहालयाने फार पूर्वी अदलाबदलीत पाठवलेल्या वस्तूंपैकी ती होती. आतल्या सापाची शेपटी तुटलेली होती आणि मानेजवळ एक आडवा व्रण होता. चित्रात होता तसाच. म्हणजे हरवलेला मूळ नमुना हाच. चारुताने चिमट्याने त्याचा जबडा हलकेच उघडला. दोन लांब विषदंत दिसले.

तिने बरणी केळुसकरांच्या टेबलावर आणून ठेवली. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले.

“हणमंत बरोबर आहे,” ते म्हणाले.

चारुता दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, “सर, हे अजून कोणाला ठाऊक नाही. बरणी आतापर्यंत तिथेच होती. तिथेच राहिली तरी…”

तिने वाक्य पूर्ण केले नाही. केळुसकरही काही बोलले नाहीत.

त्याच दुपारी तालुक्याच्या रुग्णालयातून डॉ. मुकादमांचा फोन आला. आवाजात घाई होती.

“चारुताताई, गवत कापताना एका बाईला साप चावलाय. शेवंती गावकर. मारलेला साप नातेवाईकांनी सोबत आणलाय. इथल्या सर्पमित्राने मोडेस्टा एवढंच सांगितलं. माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात मोडेस्टा बिनविषारी आहे, म्हणून मी बाईंना बाहेर बसवून ठेवलं. आता त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय.”

“सर्पमित्राने नाव कुठून घेतलं?”

“तो म्हणतो, बिडकरांच्या नव्या निबंधातून.”

चारुता म्हणाली, “तो विषारी आहे, डॉक्टर. सॅक्सिकोलाच समजा. लगेच उपचार सुरू करा.”

त्यानंतर चारुता आणि केळुसकर फोनजवळ बसून राहिले. चहा आला, तसाच निवला. दिवस कलताना मुकादमांनी कळवले की लघवीतून रक्त जाते आहे, बाईंना मोठ्या रुग्णालयात हलवतो आहोत. दुसऱ्या दिवशीही खात्रीचे काही कळेना. तिसऱ्या दिवशी निरोप आला, शेवंती वाचेल. पण मूत्रपिंडांना इजा झाली आहे, बरे व्हायला वेळ लागेल.

निरोप ऐकून चारुता संतापाने उठली. “सर, हे बिडकरांच्या हट्टापायी झालं. आता गप्प बसायचं नाही. वर्तमानपत्रात लिहू या. त्यांच्या निबंधाने एक बाई मरता मरता वाचली, हे सगळ्यांना कळू दे.”

केळुसकरांनी कोट चढवला, टेबलावरची बरणी उचलली आणि म्हणाले, “गाडी काढ. हणमंतकडे जायचं आहे.”

बिडकरांनी दार उघडले आणि गुरूंना पाहून ते उंबऱ्यातच थबकले. केळुसकर आत गेले आणि त्यांनी बरणी त्यांच्यापुढे ठेवली.

“तू शोधत होतास तो नमुना. माझ्याच कपाटात होता. तुझं बरोबर आहे, हणमंत. नियमाने माझं नाव पडतं.”

शत्रूच्या हाती शस्त्र द्यावे तसे चारुताला ते वाटले. बिडकरांनी बरणी उजेडात धरली. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, मग ते सावधपणे म्हणाले, “सर, हे तुम्ही मला का देताय?”

“कारण ते तुझ्या बाजूचं आहे.” केळुसकर खुर्चीत बसले आणि त्यांनी शेवंतीची हकीकत सांगितली. आवाज चढवला नाही, दोषही दिला नाही. सर्पमित्राने काय सांगितले, तक्त्यात काय होते, बाई किती वेळ बाहेर बसून होती, एवढेच.

बिडकर खाली बसले.

“मी खोटं लिहिलं नव्हतं,” अखेर ते म्हणाले.

“नाहीच लिहिलंस.”

“मग मी काय करू?”

“ते मी सांगणार नाही. अशा वादांसाठी आंतरराष्ट्रीय आयोग आहे, हे तुला माहीत आहे. नियम पाळल्याने घोटाळा होत असेल, तर तो नियम त्या एका नावापुरता बाजूला ठेवण्याचा अधिकार त्याला आहे. पण तिथे कोणीतरी अर्ज करावा लागतो.”

“म्हणजे तुमचं नाव वाचवण्यासाठी मी अर्ज करू?”

केळुसकर उठले. “बरणी तुझ्याकडे राहू दे,” एवढेच म्हणून ते गाडीत जाऊन बसले.

परतीच्या वाटेवर चारुता त्यांच्याशी बोलली नाही. पुढचे काही दिवसही तिने अबोला धरला. बिडकर त्या नमुन्याचा डांगोरा पिटतील आणि गुरूंचे नाव कायमचे पुसतील, असे तिला वाटत होते.

बिडकरांनी प्रथम आसपासच्या सर्व रुग्णालयांना कळवले, की निर्णय होईपर्यंत जुनीच नावे वापरावीत. मग नमुन्याची सविस्तर माहिती छापली. आणि तिच्यासोबत आयोगाकडे अर्ज केला: नियमानुसार माझा पक्ष खरा आहे, तरीही तो लागू केल्यास माणसांच्या जिवाला धोका आहे, म्हणून हा मूळ नमुना बाजूला ठेवावा, मोडेस्टासाठी निरुपद्रवी सापाचा नवा नमुना नेमावा आणि दोन्ही नावे आजच्या अर्थानेच राहू द्यावीत. अर्ज खुला झाला. जगभरच्या अभ्यासकांनी बाजूने आणि विरुद्ध लिहिले. केळुसकरांनी एक ओळही पाठवली नाही. दीर्घ काळ गेला. अखेर आयोगाच्या सभासदांनी मत दिले आणि अर्ज मान्य झाला.

त्या दिवशी चारुता गुरूंसमोर येऊन बसली. “सर, हाच अर्ज तुम्ही केला असता तर? शब्द तर हेच असते.”

केळुसकर म्हणाले, “शब्द हेच असते, पण ‘म्हातारा स्वतःचं नाव राखतोय’ असंच लोकांनी ऐकलं असतं. आणि लोक अगदीच चुकले नसते. मलाही माझ्या नावाचा मोह आहे, चारुता. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. नियमातून सवलत मागायची असेल, तर नियमाने आपण हरलो हे आधी मान्य करावं लागतं. बरणी लपवून आपण वाद जिंकला असता. मग कधीतरी कोणीतरी ती शोधून काढली असती. नावं पुन्हा उलटी झाली असती आणि त्या वेळी आपला शब्द कोणी ऐकला नसता. नाव ज्याने ठेवलं त्याचं ते राहत नाही. घाईच्या वेळी ज्याला ते उच्चारावं लागतं, त्याच्यासाठी ते असतं.”

चारुताने मान खाली घातली. “मी ती बरणी परत ठेवायला निघाले होते.”

“माहीत आहे,” केळुसकर म्हणाले. “तू बोललीस तेव्हा मी लगेच नाही म्हटलं नव्हतं.”

मग दोघेही कामाला लागले.

आपल्या बाजूचे हित सांगण्यापूर्वी समोरच्याच्या बाजूचे सत्य त्याच्या हाती द्यावे. वाद तेथून मिटू लागतो.