तीन बागांचा एक रांजण

एका राज्यात बारा वर्षं कुणी डोळा मिटला नव्हता. राजा निजल्याशिवाय प्रजेनं निजायचं नाही, अशी तिथली रीत, आणि राजा रत्नसेनाला झोप येईना. न्हावी उभ्याउभ्या पेंगत, म्हणून निम्म्या दरबाऱ्यांना एकच मिशी.

झालं होतं असं. धूम्रनाथ मांत्रिकानं राजाला द्राक्षांची तांबडी वारुणी भेट दिली. राजा गोडघाशा, त्यानं तिच्यात गुळाचा खडा टाकला. मांत्रिक म्हणाला, "बिनगुळाची वारुणी तोंड वाकडं न करता पिशील, तेव्हाच झोपशील. ती आणण्यात जो तीनदा चुकेल, तो तू झोपेपर्यंत पक्षी होऊन राहील." आणि धूर होऊन गेला. मांत्रिकांना दारानं जायची सवय नसते.

राजाचा वारुणी करणारा बहिर्जी तीनदा चुकला, पोपट झाला. त्याला पुन्हा माणूस करायचं म्हणून त्याची बायको कुंभाबाई त्याला खांद्यावर बसवून कामाला लागली.

राज्यात द्राक्षांच्या तीन बागा होत्या. एक डोंगरावर, एक काळ्या मातीत, एक नदीकाठी. तिन्ही बागवाल्यांच्या घरांत सोयरिकी होत, पण एका बागेचा रस दुसरीच्या रसात कधी मिसळत नसत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून फार कडक पाळत.

कुंभाबाईनं आधी डोंगरावरची वारुणी नेली. राजाचे दात आंबले. पुढच्या वर्षी काळ्या मातीतली नेली. राजा तोंड वाकडं करून म्हणाला, "बाई, ही प्यायची की नांगरायची?"

उरली नदीकाठची. ती पांचट, हे पोपटालाही माहीत.

"आता तूही पक्षी होणार," पोपट म्हणाला.

"होईन. फांदीवर टेकायला तरी मिळेल. बारा वर्षं उभी आहे मी, अहो."

तिनं नदीकाठची द्राक्षं तुडवली. रस रांजणात ओतताना तिची मान कलंडली. बाजूला आधीच्या दोन बागांच्या वारुणीच्या उरलेल्या घागरी होत्या. पेंगत्या हातानं तिनं त्याही त्याच रांजणात रिकाम्या केल्या.

"अगं, बाटवलंस सगळं."

"ओतलं ते ओतलं. उपसायचं त्राण नाही अंगात."

सहा महिने रांजण मुरला. मग भरला पेला राजापुढे आला. राजानं घोट घेतला. डोंगराची धार होती, पण काळ्या मातीनं तिला खाली बसवलं होतं, आणि नदीनं दोघींना वाट करून दिली होती. गोडी नाही, जडपणा नाही. राजानं पेला संपवला.

मग त्याचं तोंड हललं. कुंभाबाईच्या बोटांना पिसं फुटू लागली.

पण तोंड वाकडं झालं नव्हतं, उघडलं होतं. जांभई होती ती. राजा सिंहासनावरच घोरू लागला. मग प्रधान, मग भालदार, मग काठीला टेकून चोपदार.

बहिर्जी माणूस होऊन धपकन जमिनीवर आला आणि उठताउठता म्हणाला, "तरी मी तुला सांगत होतो..."

कुंभाबाई फरशीवर गाढ झोपली होती. बोटांवरची पिसं गळून पडली होती. बहिर्जीनं शेल्याची घडी तिच्या डोक्याखाली सारली आणि जन्मात पहिल्यांदा वाक्य अर्धं सोडलं.

राजा चौथ्या दिवशी उठला. त्यानं रीत मोडली. ज्याला झोप येईल त्यानं निजावं. बागा तीनच राहिल्या, रांजण एक झाला. आणि तुमची जांभई मघाशीच पाहिली मी. निजा आता, राजाची वाट कशाला बघता?