तुपाचा दोरा

नदीकाठच्या एका बाजाराच्या गावात एक पटवेकरीण राहत होती. पटवेकरीण म्हणजे दागिने गाठवणारी. सोनार मणी घडवतो खरे, पण नुसते मणी काय ओंजळीत घेऊन मिरवायचे? ते रेशमात ओवायचे, मण्यामण्यापुढं गाठ मारायची, मागं लाल गोंडा बांधायचा, तेव्हा कुठं तो दागिना गळ्यात चढतो. ते काम हिचं. नाव तानूबाई. माणूस एकटं. सोबतीला एक मांजर, पांढरंशुभ्र, फक्त डोळ्यांच्या कडा काळ्या. म्हणून तिचं नाव काजळी.

काजळीचा सगळा दिवस तानूबाईच्या पाटाशीच जायचा. रेशमाची लड उलगडली की हिचा पंजा पुढं आलाच. गोंडा हलला की हिचं शेपूट हललं. "व्हय गं, तूच गाठव आता. मी बसते उन्हाला," असं तानूबाई म्हणायची आणि तिला उचलून बाजूला ठेवायची. मांजर पुन्हा येऊन बसायचं. तानूबाई पुन्हा बोलायची. दोघींचा संसार तो असा.

गावातल्या बाया यायच्या, पदराच्या गाठीतून मणी काढायच्या आणि म्हणायच्या, "तानू, पोत वाढली गं माझी." तुटली म्हणायचं नाही, तो अपशकुन. तानूबाईही विचारायची नाही कशी वाढली म्हणून. सुनेनं ओढली की लेकरानं, तिला काय करायचंय? ती गुपचूप गाठवून द्यायची.

पण या धंद्यात एक भीती असते. दागिना दुसऱ्याचा आणि हात आपला. मागं याच गावात एक पटवेकरी होता. त्याच्याकडं कुणाची नथ आली आणि त्यातला एक मोती गेला. उंदरानं नेला की फटीत गेला, देव जाणे. लोक म्हणाले, यानंच गिळला. मग काय, सोनं राहू दे, फुलांचा हारसुद्धा त्याला कुणी ओवायला देईना. एके दिवशी बिऱ्हाड पाठीला लावून गेला बिचारा. तानूबाईनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून एखादा मणी हातून निसटून पाटावर टक्कन वाजला, तरी ती सगळे मणी पुन्हा मोजायची.

तर काय झालं, माघाचा महिना. लग्नाची दाट तीथ. केवळाबाई वाणीण आपली बोरमाळ घेऊन आली.

"तानू, ही माझ्या सासूबाईंची. दोरा पार कुजलाय. आता पोरीच्या गळ्यात घालायची आहे. बैस आणि आधी माझं काम कर."

"करते की, वाणीणबाई."

"आणि त्या तुझ्या बयेला लांब ठेव. माझ्याकडं कशी बघते बघ, जणू मी हिचं दूध प्याले!"

तानूबाई हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी कामाला बसली. आता बघा, पटवेकरणी सुई घेत नाहीत. दोऱ्याला मेण लावतात, टोक पिळून ताठ करतात आणि त्या टोकानंच मणी ओवतात. तानूबाईनं डबी उघडली, तर मेण संपलेलं. मेण बाजाराच्या दिवशीच मिळायचं. बाजाराचा वार लांब आणि लग्न जवळ. थंडीनं देवापुढच्या वाटीतलं तूप दगडासारखं थिजलं होतं. तिच्या मनात आलं, एवढ्याशा कामाला तूप काय वाईट? कुणाला कळतंय? तिनं तूप चोळलं, टोक पिळलं, दोरा छान ताठ झाला. मणी सरसर ओवले जायला लागले.

माळ संपत आली. शेवटचा मणी ओवला, त्याची गाठ मारायची तेवढी राहिली, आणि चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. अर्धं काम टाकून उठायचं झालं तर तानूबाई माळेवर टोपली पालथी घालायची. कायमची रीत तिची. त्या दिवशी मात्र तशीच धावली. दूध उतरवलं, चूल पुसली, परत आली.

काजळी पाटावर बसून मिशा चाटत होती. दोऱ्याचं लोंबतं टोक कुरतडलेलं. शेवटचा मणी नाही.

तानूबाईनं पाट उचलला. चटई झटकली. कोपरे, फटी, स्वतःचा पदर, सगळं धुंडाळलं. मग मांजराचं तोंड हुंगलं. तुपाचा वास!  कुत्रं-मांजर रेशीम खात नाही, पण तूप लावून दिल्यावर कोण सोडतंय? मांजरानं नाही, आपणच आपल्या हातानं घास भरवला, हे तिला तिथंच कळलं.

पण ते जाऊन केवळाबाईला सांगायचं? मांजरानं सोन्याचा मणी खाल्ला, हे ऐकून कोण विश्वास ठेवील? तिला तो पाठीला बिऱ्हाड लावून निघालेला पटवेकरी दिसायला लागला.

मग तिनं काय केलं, माळ पुन्हा उसवली. बाजारची वाट न बघता शेजारून चिमूटभर मेण आणलं. हे आधीच सुचलं असतं तर! पुन्हा ओवताना प्रत्येक गाठीला एकेक वेढा जास्त दिला. गाठी जाड झाल्या, मण्यांमध्ये किंचित अंतर पडलं, आणि माळेची लांबी होती तेवढी भरली. वरवर बघणाऱ्याला काही कळू नये. तिनं माळ फडक्यात गुंडाळली, पण मनाची घडी काही बसेना. 

संध्याकाळी काजळीनं दुधाला तोंड लावलं नाही. सकाळी तोंडातून लाळ गळायला लागली. सारखी पंज्यानं तोंड पुसायची, घशात काही अडकल्यासारखी ओकारी काढायची, पण पडायचं काहीच नाही. तानूबाई तिच्यापुढं वाटी धरायची. "खा गं बाई. एवढं तरी खा." मांजर वाटीकडं बघायचं आणि मान फिरवायचं.

गावाबाहेर एक म्हातारा धनगर राहत होता, बिरूदादा. मेंढरांचं, गुरांचं औषध तोच द्यायचा. तानूबाई मांजर टोपलीत घालून त्याच्याकडं गेली.

"मांजराचं औषध मागायला आलेली तूच पहिली गं तानाक्का," बिरूदादा म्हणाला. "काय खाल्लं हिनं?"

आता सांगावं, असं तिला वाटलं. पण बिरूदादाच्या दारात दिवसभर गाव येतं-जातं. इथं पडलेला शब्द दिवेलागणीपर्यंत वाण्याच्या दुकानात पोचतो.

"काय माहीत दादा. उंदीर खाल्ला असंल एखादा."

"विषाचा?"

"असंल," तानूबाई खाली बघत म्हणाली.

बिरूदादानं झाडपाला कुटून रस दिला. "हा पाज. ओकून पडलं की बरी होईल."

तानूबाईनं घरी जाऊन रस पाजला. मांजराचं अंग ओकाऱ्यांनी पिळवटून निघालं. प्रत्येक ओकारीसरशी ते असं ओरडायचं की ऐकणाऱ्याचं काळीज हलावं. पोटातून काही पडलं नाही. मग ते चुलीमागच्या अंधारात जाऊन पडलं. हाक मारली तर कानसुद्धा हलवीना.

त्याच वेळी दारात केवळाबाई. "झाली का गं माळ?"

"उद्या देते, वाणीणबाई. गोंडा राहिलाय."

"उद्या नक्की हं. अगं, तुझा चेहरा का असा? आणि तुझी ती पाटावरची राणी कुठं गेली?"

"निजलीय."

केवळाबाई गेली. तानूबाईच्या मांडीवर फडक्यात माळ आणि चुलीमागं मांजर. माळ उघडून बघावी तर गाठी डोळ्यांत खुपायच्या. मांजराकडं बघावं तर त्याहून वाईट. रात्रभर ती बसून राहिली. श्वास चालू आहे ना, म्हणून सारखा मांजराच्या नाकापुढं हात धरायची.

उजाडताच टोपली घेऊन पुन्हा बिरूदादाकडं धावली. आणि दैव बघा, तिथं केवळाबाईच उभी! तिची म्हैस अडली होती, तिच्यासाठी ती बिरूदादाला बोलवायला आली होती. आणखी दोन-तीन बाया होत्या, कुणाची शेळी, कुणाचं वासरू. तानूबाई उंबऱ्यातच थबकली. पण पाय मागं घ्यावा तर टोपलीतलं जनावर हातात जड लागत होतं.

बिरूदादानं मांजर बाहेर काढलं. पोट चाचपलं, डोळे बघितले. मांजरानं मोठ्या कष्टानं पंजा उचलला आणि पुन्हा तोंडावरून फिरवला.

"तानाक्का," बिरूदादा म्हणाला, "विषाचा उंदीर खाल्लेलं मांजर असं तोंड पुसत नाही. तू सांगतेस एक आणि हे जनावर सांगतंय दुसरंच. माझं औषध मी तुझ्या बोलण्यावर दिलं. आता पुन्हा विचारतो. काय खाल्लं हिनं?"

सगळ्या बाया तिच्याकडं बघायला लागल्या. केवळाबाईसुद्धा.  एका बाजूला गाव, अब्रू, पोट. दुसऱ्या बाजूला मूठभर जीव, आणि त्याला तर बोलताही येत नाही.

"दोरा खाल्ला," ती म्हणाली.  "रेशमाचा दोरा. त्यात मणी होता. वाणीणबाई, तुमच्या बोरमाळेतला."

"काय?" केवळाबाई पुढं आली. "माझ्या बोरमाळेतला?"

"मेण संपलं होतं, म्हणून मी दोऱ्याला तूप चोळलं. दूध उतू गेलं तेव्हा माळेवर टोपली न घालता उठले. मांजराचा काय दोष? आणि मग गाठी जाड करून ते झाकलं. आज तशीच देणार होते तुम्हाला."

एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "मांजराचं नाव पुढं केलं! बरं आहे की. मांजर काय साक्ष देतंय?" आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

बिरूदादाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. "दोरा होय! अगं, तेव्हाच बोलायचं!" त्यानं मांजराचा जबडा उघडला आणि उजेडाकडं धरला. "हा बघ. जिभेच्या बुडाला वेढा बसलाय. खालचं टोक पोटात ओढतंय आणि मी आणखी ओकाऱ्या काढायला लावल्या. ये इकडं. माझी बोटं मेंढरं धरणारी. हे तुझ्या बोटांचं काम आहे."

तानूबाईनं हात पुढं केला.

"ओढायचं नाही! ओढलंस तर आतडं चिरेल. फक्त वेढा तोड."

गाठवणाऱ्या बाईच्या कमरेला बारीक कात्री असतेच. तानूबाईनं ती काढली. कात्रीचं टोक अचूक जिभेखाली गेलं. एवढ्या वर्षांची सवय. टिच्! वेढा सुटला. मांजरानं घोट गिळला, मग आणखी एक, आणि तिथंच मान टाकून निपचित पडलं.

"गेली का?" तानूबाईनं विचारलं.

"दमलीय. एरंडेल देतो, जरासं पाज. आता पोटातलं वाटेनं गेलं तर जगली. देवाच्या हातात."

तानूबाई उठली, कनवटीची फडक्यातली माळ काढली आणि केवळाबाईपुढं धरली. "घ्या वाणीणबाई. दुसऱ्याकडून गाठवून घ्या. मणी मिळाला तर आणून देते. नाही मिळाला तर माझ्या कानातली फुलं आहेत."

केवळाबाईनं माळ उलगडली. गाठींवरून बोट फिरवलं. एकेक मणी मोजला. मग कुजबुजणाऱ्या बाईकडं वळली.

"चोर मांजराचं नाव घेईल, हे मलाही कळतं. पण तूप चोळलं, टोपली घातली नाही, गाठी जाड केल्या, हे चोर कशाला सांगेल? हिनं एकेक गोष्ट स्वतःच्याच अंगावर घेतलीय." मग ती तानूबाईला म्हणाली, "तुझी फुलं तुझ्याच कानात राहू देत. माळ परत ने. नीट गाठव. एक मणी कमी तर कमी. पण गाठी माझ्या सासूबाईंच्या काळी होत्या तशा बारीक पाहिजेत. काल मी दारात उभी असताना गोंडा राहिलाय म्हणालीस, त्याचा मात्र मला राग आलाय. तो काही आज जायचा नाही."

"नका जाऊ देऊ," तानूबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. केवळाबाई बिरूदादाला घेऊन म्हशीकडं निघाली.

तो सगळा दिवस तानूबाई मांजराजवळून हलली नाही. काजळी जिथं बसायची ती राखेची पाटी दर घटकेला तपासायची. दुसऱ्या दिवशी राखेत दोरा सापडला, आणि दोऱ्यात मणी. दुपारी काजळीनं दोन बोटं दूध चाटलं. तिचं ते लपलप ऐकताना तानूबाईला हुंदकाच आला.

तिनं मणी चिंचेनं धुतला, घासला आणि केवळाबाईकडं नेला. मण्याला दाताचा खोलगट ठसा उमटला होता.

"सोनाराकडून सारखा करून आणते," ती म्हणाली.

केवळाबाईनं मणी उन्हात धरून बघितला. "सोन्याला विटाळ नाही म्हणतात, पण हे जरा जास्तच झालं बाई!" आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "लग्न तोंडावर आलंय. राहू दे तसाच. मागं गोंड्याशी ओव."

लग्नात विहीणबाईंनी सुनेची बोरमाळ सरळ करता करता तो मणी बघितलाच. विचारलं. केवळाबाईनं काही न झाकता सगळं सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "आणि तरी तुम्ही त्याच बाईकडून गाठवून घेतलीत?"

"मग काय करू?" केवळाबाई म्हणाली. "जिच्या हातून कधी चुकतच नाही, अशी पटवेकरीण मला कुठं भेटली नाही. चुकल्यावर सांगणारी मात्र आमच्या गावात एक आहे. तुमचं काही वाढलं असेल तर द्या, पोचतं करते."

विहीणबाईंनी पेटीतून आपली पोत काढून तिच्या हातावर ठेवली.

तर मुलांनो आणि मोठ्यांनो, सार एवढंच: दुखणं एक आणि सांगितलं दुसरंच, तर औषधसुद्धा घात करतं. चूक झाली की ती झाली तशी सांगावी, आणि सांगताना स्वतःचा वाटा आधी सांगावा.