सगळ्यात रिकामं कोण?

आमच्या पंपांच्या कारखान्यात अक्कल फक्त मॅनेजरच्या केबिनमध्ये असते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मॅनेजर अर्थात मीच. म्हणून ऑफिसात एआय असिस्टंट आला, तेव्हा सगळ्यांची ऑनलाइन कॅलेंडरं त्याला जोडायचा हुकूम मी सोडला. कोण कामात आणि कोण रिकामं, ते आता मशीनच सांगणार!

जोडणी झाली तशी मी सगळ्यांना जमवलं आणि ऐटीत विचारलं, "सांग, इथे सगळ्यात रिकामं कोण?"

असिस्टंट म्हणाला, "सुनंदा खोचरे. त्यांचं कॅलेंडर पूर्ण कोरं आहे."

खोचरेबाई ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायच्या. मला तोंडावर खरं सुनावायची त्यांना खोड होती, त्यामुळे मी संधीच शोधत होतो.

"बाई, उद्यापासून तुम्ही गोडाऊनला. रिकाम्या माणसांना इथे खुर्ची नाही."

"जाते की साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त ह्याला एक विचारते. काय रे बाबा, आमच्या साहेबांना या आठवड्यात काम करायला वेळ कधी आहे?"

"अजिबात नाही. त्यांचा सगळा वेळ मीटिंगांनी भरलेला आहे."

"मग साहेब, मीही गेले तर इथे काम करायला मोकळं कोण राहणार?"

सगळे खाली बघून हसू दाबू लागले. अब्रू सावरायला मी म्हटलं, "यावर आपण निवांत बोलू."

असिस्टंट तत्परतेनं म्हणाला, "बाईंना केव्हाही चालेल. साहेबांना वेळ नाही."

खोचरेबाई अजून त्याच खुर्चीवर आहेत. त्यांची बदली करायला मला अजून वेळ मिळालेला नाही.