पैलवानाचं सहावं बोट

एका गावात एक भोळा पेंटर होता. होता कशाला, अजून आहे. मीच तो, कोडोलीचा गुंडू पेंटर. माझी फजिती मीच सांगितलेली बरी. दुसरे सांगताना मीठमसाला लावतात, आणि इथं त्याची काही गरज नाही.

आयुष्यभर मी लोकांची नावं रंगवली. दुकानांवर, ट्रकांवर, रसवंतीच्या फळ्यांवर. मग छापील फ्लेक्स आले आणि माझे ब्रश वाळत पडले. अशात पुण्याहून केतकी मॅडम आल्या. त्यांची मोबाइलवरचे खेळ बनवणारी कंपनी. त्यांनी कुस्तीचा खेळ काढला होता आणि त्यातली चित्रं एआयकडून, म्हणजे कॉम्प्युटरला नुसतं सांगून, काढून घेतली होती. पैलवानाच्या हाताला सहा बोटं आली. खेळणाऱ्या पोरांनी ती मोजली आणि इंटरनेटवर शिमगा केला. कोणी म्हणे, कलाकाराच्या पोटावर पाय देता. कोणी म्हणे, चित्र कुणी का काढेना, डाव चांगले टाका. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांचे बाप काढले.

मॅडमनी तालमीच्या भिंतीवरचा माझा पैलवान पाहिला. म्हणाल्या, "काका, आता सगळी चित्रं तुम्ही हातानं काढायची. खेळ सुरू झाला की पडद्यावर पहिलं नाव तुमचं."

माझं नाव! आणि तेही दुसऱ्या कुणी लिहिलेलं! मी इतका हरखलो की डब्यातला ब्रश चहात बुडवला. माझ्या बायकोनं, हौसानं, गल्लीभर सांगून टाकलं.

मॅडमनी पहिलंच काम सांगितलं. "काढतानाचा व्हिडिओ करून पाठवा. माणूस काढतोय हे लोकांना दिसलं पाहिजे."

मी मोबाइल समोर टेकवला आणि दुपारभर रंगवलं. मॅडमचा फोन आला.

"काका, यात नुसतं तुमचं तोंड आहे!"

"माणूस दिसला पाहिजे म्हणालात न्हवं?"

"अहो, तोंड नको. हात दाखवा, हात!"

हौसानं विचारलं, "कळलं न्हवं आता?"

"कळलं," मी म्हणालो. आणि मनाशी खूणगाठ बांधली.

पुढचं काम होतं सलामी देणाऱ्या पैलवानांचं. मी एकेक असा जोरकस उभा केला! प्रत्येकानं दोन्ही पंजे तोंडापुढं धरलेले.

"काका, हे रडताहेत का?"

"न्हाई मॅडम. तोंड नको, हात दाखवा, असं तुम्हीच म्हणालात."

मॅडम म्हणाल्या, "ते व्हिडिओपुरतं होतं. इथं तोंडं काढा. आणि नीट मोजत जा. पाच म्हणजे पाच. सहावं दिसलं की आपण संपलो."

"कळलं न्हवं?" हौसा.

"कळलं." खूणगाठ.

मग कुस्तीचं मैदान आलं. मॅडमना खच्चून भरलेलं मैदान हवं होतं. मी मोठ्या कष्टानं काढलं. मधे लाल मातीचा हौदा, भोवती दांडग्या पायऱ्या, आणि त्यावर पाच माणसं.

"काका, ही कुस्ती आहे की सोसायटीची मीटिंग?"

"सहावं दिसलं की आपण संपलो, म्हणून थांबलो. न्हाईतर सगळा गाव बसवणार होतो."

ते मैदान मी पुन्हा काढलं. जीव ओतून काढलं. हात फिरवून फिरवून असं गुळगुळीत केलं की माझाच त्यावर विश्वास बसेना. मॅडमनी ते इंटरनेटवर दाखवलं, तर खेळणाऱ्यांचाही बसला नाही. ते म्हणाले, इतकं साफ माणूस काढूच शकत नाही, हे पुन्हा मशीनच.

आता मॅडम रडकुंडीला आल्या. "काका, तुमचं काम फार साफ आहे हो. कुठंतरी थोडी चूक राहू द्या. मातीत वगैरे. माणसाचा हात वाटला पाहिजे. खेळ नव्यानं येईल त्या दिवशी लोकांसमोर एक पैलवान काढून दाखवा. तेवढं जमलं की तुमचं नाव पक्कं."

"कळलं न्हवं?" या वेळी हौसाचा आवाज जरा कापरा होता.

"कळलं," मी म्हणालो. छाती फुगवून म्हणालो.

त्या दिवशी पुण्यातला हॉल भरला होता. मी नवा सदरा घालून फळ्यापुढं उभा राहिलो. पैलवान झक्क उतरला. राहिली फक्त चूक. मातीतली चूक कोण बघतंय? लोक बोटं मोजतात. तेव्हा चूक तिथंच हवी, दिसेल अशी. मी मन लावून सहावं बोट काढलं. नखासकट.

हॉल उठला. "एआय! एआय!" मी त्यांच्या डोळ्यांदेखत घामाघूम होऊन रंगवत होतो, तरी एआय. मॅडमनी डोकं धरलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ए, हात दाखव तुझा!"

हे मात्र मला येत होतं. तोंड नको, हात दाखवा. मी दोन्ही पंजे तोंडापुढं धरले. फटाफट फोटो निघाले.

उजव्या हातात ब्रश तसाच अडकलेला होता, बोटांच्या बरोबरीनं उभा. दांडा पैलवानाच्या अंगाच्या रंगानं माखलेला.

संध्याकाळपर्यंत फोटो जगभर गेला. तोंड नाही आणि उजव्या हाताला सहा बोटं. खाली लिहिलेलं, 'चित्रं सोडा, यांनी पेंटरसुद्धा मशीनकडूनच काढून घेतलाय.' कंपनी घाबरली आणि तिनं माझं नाव खेळातून पुसून टाकलं. मला फार वाईट वाटलं. हौसानं तर गल्लीतून जाणं सोडलं.

तिनं फोटो मोबाइलवर मोठा करून बोटं मोजली. "आवो, ब्रश खाली ठेवायचा न्हाई व्हय?"

"तसं मॅडम बोलल्या न्हवत्या."

दुसऱ्या दिवशी तालमीचे वस्ताद दारात आले. मला वरून खालून न्याहाळून म्हणाले, "गुंड्या, पोरं म्हणत्यात, मोबाइलवर आलंय, कोडोलीत गुंडू पेंटर नावाचा माणूसच न्हाई. सगळं खोटं हाय. खरं सांग, तू हाईस का न्हाईस?"

मी जरा विचार केला. आजवर घाईनं बोलूनच घोटाळे झाले होते.

"बसा वस्ताद," मी म्हणालो. "मॅडमना विचारून सांगतो."